पिल्लू आणलंत? आधी दार लावा

रस्त्यावरचं पिल्लू पहिल्याच दिवशी घरच्या मांजरीपुढे ठेवू नका. निदान दोन आठवडे मध्ये बंद दार असू द्या. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस जातात, म्हणजे आज उड्या मारणारं पिल्लू निरोगी असेलच असं नाही. हा विषाणू घरात महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या साबणाने मरत नाही. म्हणून मोठीचं लसीकरण आधी तपासा, भांडी आणि लिटर ट्रे वेगळे ठेवा.

‘मांजरं आपापसांत बघून घेतील’ असं पुष्कळजण म्हणतात. पण मांजर आपलं-परकं वासावरून ठरवते, आणि परका वास थेट तिच्या हद्दीत शिरला की ती बिथरते. त्यापेक्षा पिल्लाच्या गालांवरून फिरवलेलं फडकं तिच्या ताटलीपासून थोडं लांब ठेवा. फिस्कारली तर आणखी सरकवा; हुंगून निवांत खायला लागली की मगच दार बोटभर उघडा. वन बीएचकेत वेगळी खोली कुठली, ही अडचण खरी आहे. कोरडं बाथरूम, एक खोका, जुनी चादर एवढंही पुरतं. पिल्लू एकटं पडतं, म्हणून त्याच्याजवळ जाऊन बसा जरूर; फक्त बाहेर येताना हात धुवा, कपडे बदला.