आंतरराष्ट्रीय अधिछात्रवृत्ती व शिफारसपत्र : प्राध्यापकाची भूमिका

प्रस्तावना :

'शिफारस' हा शब्द आपल्याकडे वशिल्याच्या अंगाने रूढ झाला आहे. त्यामुळे परदेशातील अधिछात्रवृत्तीसाठी, म्हणजेच फेलोशिपसाठी, विद्यार्थी शिफारसपत्र मागावयास येतो तेव्हा त्याच्या हाती बहुधा चारित्र्य प्रमाणपत्राचाच लांबविलेला नमुना पडतो. प्रस्तुत लेखात या पत्राचे खरे स्वरूप फुलब्राइट-नेहरू अधिछात्रवृत्तीच्या संदर्भात स्पष्ट केले आहे. सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांच्या पुढाकाराने 1946 मध्ये अमेरिकेत सुरू झालेला हा कार्यक्रम 1950 च्या द्विपक्षीय कराराने भारतात आला. 2008 च्या नव्या करारानंतर भारत सरकार खर्चात भागीदार झाले व कार्यक्रमास नेहरूंचे नाव जोडले गेले.

पत्राचे स्वरूप :

अर्जदार ऑनलाइन अर्जात शिफारसकर्त्याचे नाव व ई-मेल नोंदवितो. त्यानंतर दुवा थेट प्राध्यापकांकडे येतो आणि पत्र त्यांनीच अपलोड करावयाचे असते. ते अर्जदाराच्या हातून जात नाही, हे या पद्धतीचे मर्म होय. अमेरिकेतील 1974 च्या कायद्याने विद्यार्थ्यास स्वतःची शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला आहे. म्हणूनच तेथील विद्यापीठांच्या प्रपत्रांत 'हा हक्क आपण सोडता काय?' असा प्रश्न आढळतो. अर्जदाराने न पाहिलेल्या पत्रावर सामान्यतः अधिक विश्वास ठेवला जातो.

आपल्याकडे मात्र "मसुदा तूच करून आण, मी सही करतो" ही पद्धत सर्रास दिसते. वर्गात शंभरावर विद्यार्थी, प्रशासकीय कामे, इंग्रजी लेखनाचा संकोच ही कारणे खोटी नाहीत. पण विद्यार्थी स्वतःविषयी 'मी शिकविलेल्या विद्यार्थ्यांत हा कोठे बसतो' हे लिहू शकत नाही. ती तुलना केवळ शिक्षकाजवळ असते. शिवाय एकाच हाताने लिहिलेली सर्व पत्रे एकाच सुरात बोलतात, आणि अनुभवी परीक्षकांस ते कळते. याची सर्वाधिक झळ तालुक्याच्या महाविद्यालयातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यास बसते, कारण त्याच्या कामाचा दुसरा साक्षीदार कोणी नसतो.

'विद्यार्थी हुशार, नम्र व कष्टाळू आहे' या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. 'चारा छावण्यांवरील लघुप्रबंधासाठी त्याने प्रश्नावली दोनदा बदलली, कारण पहिल्या फेरीत स्त्रिया बोलत नसल्याचे त्याच्या ध्यानी आले' हे वाक्य मात्र संशोधकवृत्तीचा पुरावा ठरते. असा तपशील केवळ लघुप्रबंध वाचलेल्या व्यक्तीसच देता येतो. पदनामाच्या वजनासाठी विद्यार्थी प्राचार्यांकडे धाव घेतात हे समजण्यासारखे आहे. तथापि कधीही न शिकविलेल्या प्राचार्यांच्या चार ओळींपेक्षा मार्गदर्शक सहायक प्राध्यापकाचे एक पान अधिक मोलाचे असते.

विद्यार्थ्याकडून मसुद्याऐवजी संशोधन प्रस्ताव, परिचयपत्र व आपल्याकडे केलेल्या कामाची यादी मागावी. इंग्रजीची अडचण असल्यास पत्र प्रथम मराठीत लिहून इंग्रजी विभागातील सहकाऱ्याचे साहाय्य घ्यावे. मजकूर मात्र गोपनीय राहिला पाहिजे. विद्यार्थ्याची पुरेशी ओळख नसल्यास तसे स्पष्ट सांगून नकार द्यावा, आणि तोही मुदतीच्या किमान महिनाभर आधी, म्हणजे त्यास दुसऱ्या शिक्षकांकडे जाता येईल.