गाव सोडण्याचा हिशेब

मध्यमवर्गीय घरात स्थलांतराचा विषय निघाला की एक कागद आणि एक पेन टेबलावर येते. उजवीकडे फायदे, डावीकडे तोटे. पुण्यात फ्लॅट घ्यावा का, नागपूरला मुलीजवळ जावे का, अशी यादी होते. आमच्या ओळखीच्या एका घरी तर मुलगा अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात घर घ्यायच्या विचारात आहे. तिथे राज्याचा आयकर नाही, थंडी नाही. पण दर वर्षी वादळांचा हंगाम येतो आणि घराचा विमा परवडत नाही. त्या घरात गेले सहा महिने जेवणाच्या ताटावर हीच चर्चा. चुकलेच तर परत येता येते, म्हणून त्या चर्चेला एक प्रकारची मौजही असते.

चंद्रपूर जिल्ह्यात हाच प्रश्न काही गावांपुढे अख्ख्या गावाने मिळून सोडवण्यासाठी आला आणि तिथे परत येण्याची सोय नव्हती. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या पोटातली ही गावे. नोकरीची शेवटची काही वर्षे मी या जंगलाच्या कडेला असलेल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत होतो. त्यामुळे पुनर्वसन हा शब्द मला वर्तमानपत्रातून नव्हे, काउंटरच्या पलीकडून कळला.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. त्याच्या दक्षिणेचे अंधारी अभयारण्य १९८६ चे. दोन्ही मिळून १९९५ मध्ये सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प झाला. या हद्दीत तेव्हा सहा गावे होती : बोटेझरी, कोळसा, नवेगाव (रामदेगी), जामणी, पळसगाव आणि रानतळोधी. वस्ती मुख्यतः गोंड आणि माना यांची. ताडोबा हे नावच मुळी त्यांच्या देवाचे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे आणि पौषात तिथे जत्रा भरते. म्हणजे माणूस आणि वाघ यांच्यातल्या भांडणाचा निकाल इथल्या लोकांनी फार पूर्वी, दोघांनाही मान देऊन, लावून टाकला होता. सरकारला तो पुन्हा लावावा लागला.

२००७ मध्ये बोटेझरी आणि कोळशातली काही कुटुंबे मूलकडच्या भगवानपूरला नेण्यात आली. नंतरच्या वर्षांत नवेगाव आणि जामणी उठून चिमूर तालुक्यात खडसंगीच्या बाजूला आली, मागाहून पळसगावही हलले. कायद्याने हे सारे स्वेच्छेने व्हावे लागते. वन्यजीव कायद्यात २००६ साली झालेली दुरुस्ती आणि त्याच वर्षीचा वनहक्क कायदा, दोन्ही सांगतात की लोकांचे हक्क आधी मान्य करा, ग्रामसभेची समजूनउमजून दिलेली संमती घ्या आणि मगच गाव हलवा. कागदावर याहून चांगले काय असणार! पण स्वेच्छा ही चीज तपासून पाहावी लागते.

माझ्याकडे एक कुटुंब यायचे. गावाचे नाव सांगत नाही. म्हातारा सत्तरीचा, बरोबर थोरला मुलगा. म्हातारा खुर्चीवर बसत नसे, टेबलाला टेकून उभा राहायचा. ‘‘साहेब, तुम्ही पैशातले माणूस. सांगा ना जी, जावं का राहावं?’’ मी म्हटले, बाबा, पैशाचे मी सांगतो, बाकीचे तुम्ही सांगा. मग आम्ही खरोखरच कागद घेतला.

पैशाचे गणित त्या वेळी असे होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे कुटुंबामागे १० लाख रुपये. पर्याय दोन. पहिला, सगळी रक्कम रोख घ्या आणि आपले आपण बघा. दुसरा, वनखाते तुम्हाला वसवून देईल. मग त्या १० लाखांतले ३५ टक्के जमिनीला, ३० टक्के जुन्या हक्कांच्या भरपाईला, २० टक्के घराला, १० टक्के रस्ता, पाणी, शाळा अशा सामाईक सोयींना आणि ५ टक्के प्रोत्साहन म्हणून. रोख घेणाऱ्यालाही पैसा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, जमीन किंवा घर घेतल्याचा पुरावा दाखवल्यावर मिळावा, अशी तरतूद होती. ती करणाऱ्याला खेड्यातले लग्नसराईचे दिवस ठाऊक असले पाहिजेत.

कुटुंब म्हणजे चूल नव्हे, ही यातली मेख. अठरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा, लग्न झालेले असो वा नसो, स्वतंत्र कुटुंब. अठरा पूर्ण केलेली अविवाहित मुलगी, विधवा, घटस्फोटित बाई, अपंग व्यक्ती, अनाथ बालक, ही प्रत्येकी स्वतंत्र कुटुंबे. म्हाताऱ्याच्या एका चुलीवर अशी चार कुटुंबे जेवत होती : तो आणि म्हातारी, दोन मुलगे, आणि माहेरी परत आलेली विधवा मुलगी. म्हणजे ४० लाख. शेजारच्या भूमिहीन घरात तीन वयात आलेली पोरे होती, त्यालाही तेवढेच. उलट ज्याची वीस एकर शेती आणि एकुलता एक मुलगा, त्याला निम्मे. नियम माणसे मोजत होता, जमीन नाही. मला स्वतःला हा नियम बराच न्याय्य वाटतो. पण जमीनवाला तो मान्य का करील? ठरलेल्या तारखेला ज्याच्या पोराला अठरा व्हायला चार महिने कमी पडत होते, त्याच्या घरी तर चूल पेटली नसेल.

१० लाख बँकेत ठेवले तर त्या वेळच्या सुमारे ९ टक्के दराने वर्षाला ९० हजार, महिन्याला साडेसात हजार रुपये. म्हाताऱ्याने आकडा ऐकला आणि विचारले, ‘‘अन् मोहाचे किती धरले?’’

इथे माझे पेन अडले. मोह त्या घराला काय देतो? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले वेचायची, वाळवायची. बियांचे तेल निघते. चारोळी, डिंक, मध, कंद, पावसाळ्यातले मशरूम, ज्याला इकडे सात्या म्हणतात. बोडीतले मासे. जळण फुकट, बकऱ्यांचा चारा फुकट, कुंपणाला काटे फुकट. यातले बरेच विकले जात नाही, खाल्ले जाते, म्हणून ते कोणत्याच खातेवहीत नसते. नव्या गावी यातली प्रत्येक वस्तू दुकानातून आणायची आणि साडेसात हजार तिथेच जायचे. आमचे अर्थशास्त्र ज्याला उत्पन्न म्हणत नाही, ते बंद झाले की खर्च मात्र म्हणते.

पण मुलाची बाजूही ऐकली पाहिजे, आणि खरे सांगायचे तर ती मला जास्त पटली. तो म्हणाला, ‘‘बाबा जुन्या जंगलाचं सांगते. ते आता आहे कुठी?’’ त्याचे खरे होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००० मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून वाळके लाकूड, गवतसुद्धा काढण्यास मनाई केली. गाभ्यातला तेंदूपत्ता संपला, म्हणजे मे महिन्यातली हमखास मजुरी संपली. रात्री फाटक बंद. धान हाती यायच्या सुमारास रानडुकरे आणि चितळे बांधीत उतरणार. बाळंतीण अडली तर बंडीत घालून किती वेळ जायचे? शाळा चौथीपर्यंत. आणि ज्यावर तो सर्वांत खालच्या आवाजात बोलला ती गोष्ट ही की, त्या गावात कोणी मुलगी द्यायला तयार नव्हते. तिशीला आलेली पोरे बिनलग्नाची होती. पुनर्वसनाच्या अहवालांत वाघ, गवत, चौरस किलोमीटर सगळे असते. गाव उठण्याचे हे कारण मात्र मला त्यांत कधी दिसले नाही.

मग याला स्वेच्छा म्हणायचे का? आधी एकेक वाट बंद होत गेली आणि मग विचारले, जाता का? कोणी बंदूक रोखली नाही हे खरे. पण राहायचे म्हणजे पूर्वीसारखे राहायचे नव्हते, आणि तुलना झाली ती पिळलेल्या गावाची नव्या गावाशी. निवड त्यांची होती. निवडीची चौकट त्यांची नव्हती.

बायकांचे मत मी मुद्दाम विचारी. बहुतेकींना जायचे होते. नळ, दवाखाना, गिरणी आणि भीतीतून सुटका. भीती ही त्या भागात अलंकारिक गोष्ट नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. आणि ते गाव काही गाभ्यातले नव्हे. वाघ वाढले, जंगल तेवढेच राहिले, तेव्हा गाभ्यातून बाहेर आले म्हणजे वाघापासून दूर आले असे चंद्रपुरात म्हणता येत नाही. इथे एक आकडा मनाला लागतो. कुटुंबामागची पुनर्वसनाची रक्कम २००८ पासून तेरा वर्षे १० लाखांवरच थांबली होती, ती २०२१ मध्ये १५ लाख झाली. वाघाच्या हल्ल्यात माणूस मेला तर महाराष्ट्र सरकार २०२३ पासून वारसांना २५ लाख देते. दोन्ही रकमांचे खाते वेगळे, हेतू वेगळा, हे मला कळते. पण घरात बसून हिशेब करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन्ही आकडे शेजारीच येतात.

आता पैसा हातात आल्यावरचे. गाव उठणार अशी कुणकुण लागली की आसपासच्या जमिनीचे भाव आधी उठतात. दलाल मोटारसायकलवरून येतात, आणि काही दिवसांनी गावातली पोरेही मोटारसायकलवर दिसू लागतात. बँकेत मी पाहिले ते असे की, पैसा पहिल्या वर्षात टिकला तर पुढे टिकतो. घराला स्लॅब पडला, मुलीचे लग्न झाले, आजारपण निघाले इथवर ठीक. पण रोजच्या खर्चासाठी मुदतठेव मोडायला आलेला माणूस दोन वर्षांत मजूर म्हणून दिसायचा. ज्यांच्या खात्यावर नवरा-बायको दोघांची सही लागायची, त्यांच्याकडे ठेवी जास्त दिवस राहिल्या. याला मी अभ्यास म्हणत नाही, काउंटरवरचे निरीक्षण म्हणतो.

वसाहतीत गेलेल्यांची अडचण निराळी. रोवणे करणाऱ्या हातांना जमीन कोणती मिळते, तिला पाणी आहे का, यावर सारे अवलंबून. पूर्वेकडे मूल-सिंदेवाहीची धानाची बांधी वेगळी आणि चिमूर-वरोऱ्याकडची कापूस-सोयाबीनची काळी जमीन वेगळी. शेतकऱ्याला दुसऱ्या पिकात नेणे म्हणजे गुरुजींना एकदम दुसऱ्या भाषेच्या शाळेत नेमण्यासारखे. शिवाय बाजूच्या जुन्या गावाचे गायरान, तिथले सरपण, यात नवे वाटेकरी आले की कुरबुर होतेच. मेळघाटात तर याहून वाईट झाले. अकोला जिल्ह्यात आणून वसवलेली आदिवासी कुटुंबे सोयी-जमिनीच्या तक्रारी घेऊन जानेवारी २०१९ मध्ये आपल्या जुन्या गावांच्या जागी परतली आणि तिथे वनखाते, पोलीस आणि गावकरी यांच्यात चकमक झाली. असे परत जाणारे भावनेपोटी जातात असे समजू नये. नव्या गावाचा हिशेब जमला नाही म्हणून जातात.

राहण्याचाही एक नमुना आपल्याकडे आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. देवाजी तोफांचे हे गाव आता जगाला माहीत आहे. कोणी म्हणेल, मग ताडोबातल्या गावांनीही तसेच करायचे होते. पण मेंढा राष्ट्रीय उद्यानात नाही, आणि तिथल्या सभेने हक्क मिळण्याआधी कितीतरी वर्षे एकमताने निर्णय घ्यायची सवय लावून घेतली होती. तरी एवढे खरे की ज्या गावाच्या हातात हक्काचा कागद आहे, ते गाव जावे की राहावे याचा सौदा ताठ मानेने करते. हक्काचा निकाल आधी, संमती नंतर, हा कायद्यातला क्रम त्यासाठीच आहे. आणि घाई झाली की पहिल्यांदा हाच क्रम उलटतो. जून २०२४ मध्ये प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवून व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातल्या ५९१ गावांचे, ६४ हजार ८०१ कुटुंबांचे पुनर्वसन प्राधान्याने करायला सांगितले. म्हणजे असे कागद देशात अजून बऱ्याच घरांत मांडले जायचे आहेत.

वाघाच्या बाजूने लिहायचे तर गावे उठल्याचा लाभ स्पष्ट आहे. जिथे शेते होती तिथे गवत आले, गवतावर चितळ-गवे आले, त्यांच्यामागे वाघ. मीही तिकीट काढून गेलो आहे. वाटाड्या हात करून दाखवतो, ‘‘इथं गाव होतं,’’ आणि जिप्सीतली मंडळी क्षणभर पाहून पुन्हा दुर्बीण लावतात. मला त्यात त्यांचा दोष दिसत नाही. आंब्याची आणि चिंचेची झाडे मात्र रांगेत उभी असतात, आणि रांगेत झाडे जंगल लावत नाही.

म्हाताऱ्याच्या घरी शेवटी एकमत झाले नाहीच. थोरल्याने रोख घेतले, धाकट्याने आणि विधवा बहिणीने वसाहत निवडली. म्हातारा-म्हातारी धाकट्याकडे गेली. जाताना त्याने घराची कवेलू, दार, जाते, बंडीचे जू सगळे नेले. मातामायचे काय करायचे यावर गावात तीन रात्री बैठक चालली. दगड हलवावा की नवा बसवावा? शेवटी नवा बसवला, आणि जुन्याला वर्षातून एकदा नारळ फोडायला जाऊ द्यावे असा अर्ज वनखात्याकडे देण्याचे ठरले. तो अर्ज म्हाताऱ्याने माझ्याकडून लिहून घेतला. खाली अंगठा उमटवायच्या आधी त्याने तो दोनदा वाचून दाखवायला लावला.