पानथरी राखून केलेली शस्त्रक्रिया

गेल्या आषाढांत आमच्या चंदगडच्या घरीं जो प्रसंग ओढवला, त्यानें पानथरी या अवयवाविषयीं आमचें अज्ञान किती आहे हें आम्हांस कळून आलें. पुतण्याचा नऊ वर्षांचा मुलगा रात्रीं जेवून निजला होता. मध्यरात्रीं तो उठला आणि त्यानें तांब्याभर रक्त ओकलें. बाहेर आमच्याकडील तो पाऊस. मुलास गाडींत घालून बेळगांवास पोहोंचेपर्यंत कोणाच्या तोंडून शब्द निघाला नाहीं.

तेथील डॉक्टरांनीं घशांतून दुर्बिणीची नळी उतरवून अन्ननलिकेच्या तळाशीं फुगलेल्या नीला पाहिल्या व त्यांस रबराचीं कडीं घालून रक्त थांबविलें. पानथरी बेंबीपर्यंत आली होती. ‘मुलास कधीं कावीळ नाहीं, मग यकृत कसें बिघडलें?’ असें आम्हीं विचारलें. उत्तर मिळालें कीं, यकृत निरोगी आहे. त्याकडे जाणारी वाट बुजली आहे.

आंतडीं व पानथरी यांचें रक्त ज्या मोठ्या नीलेवाटे यकृतांत जातें, तिला डॉक्टर लोक पोर्टल व्हेन म्हणतात. कित्येक मुलांत ती लहानपणींच गोठलेल्या रक्तानें बंद होते. कधीं जन्मानंतर नाळेस झालेला जंतुसंसर्ग हें कारण सांपडतें. पुष्कळदां कांहींच सांपडत नाहीं. आपल्या देशांत मुलांस रक्ताच्या ओकाऱ्या होण्याचें हें एक प्रमुख कारण आहे. भातखाचराची मोरी बुजली म्हणजे पाणी वरच्या खाचरांत तुंबतें आणि बांध जेथें कच्चा असेल तेथें फोडतें, तसाच हा प्रकार. तुंबलेल्या रक्तानें पानथरी फुगते व रक्त गोठविणारे प्लेटलेट नांवाचे कण अडकवून ठेवते. अन्ननलिकेंतील नाजूक नीला हा तो कच्चा बांध.

कडीं पुन्हां पुन्हां घालावीं लागतात. तेव्हां शस्त्रक्रियेचा विचार निघाला. आमच्या वडील भगिनी अक्का म्हणाल्या, “ती मेली पानथरीच काढून टाकायला सांग. तिचा उपयोग तरी काय?” खरें सांगावयाचें तर आमचेंही मत तेंच होतें. ज्या एका शल्यविशारदांस आम्ही प्रथम भेटलों, तेही तेंच म्हणाले.

पूर्वीं रीत तीच होती. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ब्लेकमोर, लिंटन प्रभृतींनीं पानथरी काढून तिची नीला डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेस जोडण्याची युक्ति रूढ केली. रक्तास दुसरी वाट मिळाली, ओकाऱ्या थांबल्या. परंतु १९५२ सालीं किंग व शूमॅकर यांनीं पानथरी काढलेल्या पांच तान्ह्या मुलांस घोर जंतुसंसर्ग झाल्याची हकीकत प्रसिद्ध केली. पानथरी ही रक्तांतील जंतु गाळणारी चाळण आहे. ती नसली म्हणजे सकाळीं साधा वाटणारा ताप रात्रीपर्यंत मूल हिरावून नेऊं शकतो.

पुढें १९६७ सालीं वॉरन यांनीं पानथरी जागच्या जागीं ठेवून तिची नीला मूत्रपिंडाकडे वळविली. आपल्याकडे चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेंत मित्र व त्यांचे सहकारी यांनीं याहून साधी रीत मुलांत वापरली व १९९३ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. दोन्ही नीला न तोडतां शेजारीं शेजारीं आणून त्यांच्या कुशींत द्वार पाडावयाचें. (चंदगड व चंदीगड यांत एका वेलांटीचा भेद, पण ही गोष्ट आमच्यापर्यंत येण्यास किती वर्षें लागलीं!) बेल्जममधील डी व्हील डी गॉये यांनीं तर १९९२ सालीं मानेंतील नीला घेऊन रक्त पुन्हां यकृतांतच पोंचविण्याची वाट दाखविली, मात्र यकृतांतील डावी शाखा मोकळी असेल तरच ती साधते.

सुश्रुतानें प्लीहोदरांत डाव्या कोपराच्या आंतील शीर वेधून पानथरी हातानें चोळण्यास सांगितलें आहे. पूर्वजांस सर्व ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह आम्हीं आवरला. त्या उपायानें हा मुलगा वांचला नसता.

दुसऱ्या शल्यविशारदांस आम्हीं स्पष्टच विचारलें, “पानथरी राखतां येईल काय?” ते म्हणाले, “नीलांचें चित्र पाहूं. प्रत्येकास जमतेंच असें नाहीं, आणि जोडलेली वाटही कधीं गोठून बुजते. काढावीच लागली, तर न्युमोकोकस, मेनिंगोकोकस व हीमोफिलस यांच्या लसी निदान दोन आठवडे आधीं टोंचूं, आणि पुढें जन्मभर तापास भ्यावें लागेल.” चित्र अनुकूल निघालें. लसी तरीही टोंचल्या. कार्तिकांत दोन्ही नीला कुशीस कुशी लावून जोडल्या गेल्या.

आतां पानथरी बोटभर खालीं लागते आणि प्लेटलेट वाढले आहेत. अक्कांनीं तिला शिव्या देणें सोडलें आहे. मुलगा परसांतल्या काजूवर चढतो; पोटास मार लागूं नये म्हणून आम्ही ओरडतों, तो ऐकत नाहीं. जोडवाट वाहती आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पुढील खेप मार्गशीर्षांत आहे.