हाडाची काडे कोण करते?



भाषेच्या अध्यापकाने शरीरशास्त्रावर बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. म्हणून आरंभ मी भाषेपासूनच करतो. आदिलाबाद जिल्ह्यातील आपल्या मराठी घरांतून जन्मभर कष्टलेल्या स्त्रीविषयी म्हटले जाते, ‘तिने संसारासाठी हाडाची काडे केली.’ साठी ओलांडलेल्या, आयुष्यभर कापूस वेचलेल्या बाईची पाठ वाकली की ती आपण श्रमाचीच खूण मानतो. शास्त्र मात्र निराळे सांगते. भार सोसणारे हाड झिजण्याऐवजी बळकट होते. मग ही काडे करते तरी कोण?

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. त्यात दोन प्रकारच्या पेशी अखंड राबत असतात. एक जुने हाड पोखरतात, दुसऱ्या नवे बांधतात. तारुण्यात हा जमाखर्च जुळतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक ओसरते आणि पुढील काही वर्षे खर्चाची बाजू झपाट्याने वाढते. हा संबंध अमेरिकन वैद्य फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ साली दाखवून दिला.

पोखरणाऱ्या पेशी अनावर का होतात, याचे एक उत्तर प्रतिकारसंस्थेत सापडले. या पेशी जंतुभक्षक पेशींच्याच कुळातल्या. दोघींचे माहेर अस्थिमज्जा. संसर्गाशी झुंजणाऱ्या टी-पेशी ‘टीएनएफ’सारखी दाहकारक प्रथिने स्रवतात. इस्ट्रोजेनचा आवर सुटला की ती वाढतात, आणि ‘रँकल’ या प्रथिनाच्या जोडीने पोखरणाऱ्या पेशींची संख्या वाढवतात. शत्रू नसताना सैन्याने स्वतःचाच गड खणावा, तसे हे आहे. बीजकोश काढलेल्या उंदरांची हाडे झिजली. परंतु टी-पेशी नसलेल्या उंदरांत ही झीज झाली नाही, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. सर्वच प्रयोगशाळांना तसा अनुभव आला नाही, हेही सांगितले पाहिजे. मानवी देहात या कारणाचा वाटा नेमका किती, हा प्रश्न अद्याप अभ्यासाचा आहे.

प्रतिकारसंस्था केवळ घातकी मात्र नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले, की टी-पेशींचेच ‘इंटरल्यूकिन-३’ हे प्रथिन पोखरणाऱ्या पेशी घडू देत नाही. होऊ घातलेल्या पेशींना जंतुभक्षक पेशींच्या वाटेला वळवते. रँकलला अडवणारे ‘डेनोसुमॅब’ हे औषध २०१० साली अमेरिकेत मान्य झाले. तेही एक प्रतिपिंडच आहे. मात्र ते वैद्यांच्या सल्ल्याविना मध्येच सोडल्यास झीज वेगाने उलटते आणि मणके मोडण्याचा धोका वाढतो.

या विवेचनाचा व्यवहारातील अर्थ साधा आहे. ही झीज मुकाट्याने होते. पुष्कळदा पहिली सूचना मोडलेले हाडच देते. घरातील आई, मावशी, काकू यांची उंची घटली, किरकोळ पडण्याने मनगट मोडले, तर ‘वय झाले’ म्हणून ते सोडून देऊ नका. हाडांची घनता मोजता येते आणि उपचारही होतात. ज्यांच्या कष्टांवर आपण शिकलो, त्यांच्या दुखण्याला नशीब न म्हणता वैद्याकडे नेणे, एवढे तरी आपल्या शिक्षणाने आपल्याला शिकवलेले असावे.