राजाचे कुटुंब आणि किराणा दुकान

फ्रान्स देशात पूर्वी सोळावा लुई नावाचा राजा होता. त्याची राणी मारी आंत्वानेत. ती ऑस्ट्रियाची राजकन्या. त्यांचा राजवाडा व्हर्साय येथे होता. राजाला शिकारीचा आणि कुलपे बनवायचा नाद. माझ्या मते तो चांगला कारागीर झाला असता, पण जन्मला राजाच्या घरी!

तिथल्या शेतकऱ्यांना जमिनीवर कर, मिठावरसुद्धा कर. आणि मोठमोठे सरदार व धर्मगुरू यांना बहुतेक कर माफ! शिवाय सरकारला कर्ज फार झालेले. त्यात १७८८ च्या जुलैत मोठी गारपीट झाली. गारांनी उभ्या पिकाचं काय होतं ते आपल्या गावाला सांगायला नको. धान्य गेलं, पाव महागला. तिकडे पाव म्हणजे आपली भाकरीच. मग १४ जुलै १७८९ ला लोकांनी पॅरिसमधला बॅस्टिलचा तुरुंग फोडला. ऑक्टोबरात हजारो बायका पायी व्हर्सायला गेल्या, पाव मागितला आणि राजाराणीला घेऊनच पॅरिसला आल्या. "पाव नाही तर केक खा" असे राणी म्हणाली, असे सांगतात. पण त्याला पुरावा नाही. मीपण आधी ते खरंच धरलं होतं.

पुढे राजाने पळून जायचे ठरवले. २० जून १७९१ च्या रात्री ते वेष बदलून निघाले. मुलांची सांभाळ करणारी बाई झाली रशियाची श्रीमंत बाई, आणि राजा झाला तिचा नोकर! सहा वर्षांच्या राजपुत्राला मुलीचा झगा घातला. त्याला वाटलं, आपण नाटकात काम करणार. पण गाडी फार मोठी आणि जड, त्यामुळे उशीर झाला. वाटेत घोडे बदलायच्या नाक्यावर द्रुए नावाच्या माणसाने राजाला ओळखले. तो घोड्यावरून पुढे गेला आणि व्हारेन गावात त्याने पूल अडवला. ती रात्र राजाने एका किराणा दुकानदाराच्या घरी काढली. सरहद्द तिथून काही फार लांब नव्हती.

राजा पळत होता हे कळल्यावर लोकांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला. ऑगस्ट १७९२ मध्ये सगळ्यांना कैदेत टाकले. सप्टेंबरात राजेपणच रद्द झाले. २१ जानेवारी १७९३ ला राजाचे डोके गिलोटिन यंत्राने उडवले, आणि १६ ऑक्टोबरला राणीचे.

मुलगा राहिला. त्याचे नाव लुई शार्ल. जुलै १७९३ मध्येच त्याला आईपासून तोडून वेगळ्या खोलीत ठेवले होते. पुढे तर त्याला एकट्यालाच कोंडले. बहीण त्याच इमारतीत होती, पण भेट नाही. ८ जून १७९५ ला तो आजाराने वारला. तेव्हा तो दहा वर्षांचा होता, म्हणजे माझ्याएवढा. कर त्याने बसवले नव्हते. बहीण मात्र सुटली.

नंतर कितीतरी जण "मीच तो राजपुत्र" म्हणून पुढे आले. पण प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरने त्याचे हृदय गुपचूप रुमालात बांधून नेले होते. ते वाळून कडक झाले, पण राहिले. २००० साली शास्त्रज्ञांनी ते राणीच्या केसांशी ताडून पाहिले, आणि ते जुळले. २००४ साली ८ जूनलाच ते सें दनीच्या चर्चमध्ये ठेवले. त्याच्या आईवडिलांची थडगी तिथेच आहेत.