धान गिरणीची नोंद आणि डेटाबेस सर्व्हरची निवड

धान हे भंडारा जिल्ह्याचे प्रमुख पीक असून धानाची भरडाई हा येथील महत्त्वाचा उद्योग होय. आधारभूत किमतीने खरेदी केलेले शासकीय धान गिरण्यांकडे भरडाईसाठी दिले जाते. एक क्विंटल धानामागे साधा तांदूळ ६७ किलो, तर उकडा तांदूळ ६८ किलो परत करावयाचा असतो. साहजिकच प्रत्येक पोत्याची नोंद अचूक असणे अगत्याचे आहे.

काट्यावरील कारकून, गोदामपाल आणि दिवाणजी हे तिघे एकाच हिशेबात एकाच वेळी नोंदी करू लागले, की वही किंवा संगणकावरील साधा तक्ता अपुरा पडतो. अशा वेळी सर्वांच्या नोंदी शिस्तीने स्वीकारून एकत्र सांभाळणारी यंत्रणा म्हणजे डेटाबेस सर्व्हर.

निवड करताना पहिली कसोटी विश्वासार्हतेची. गोदामाच्या खात्यातून १०० क्विंटल धान वजा झाले आणि भरडाईच्या खात्यात जमा होण्यापूर्वीच वीज गेली, तर ते धान हिशेबातून नाहीसे होईल. चांगला सर्व्हर अशा जोडनोंदी एकतर दोन्ही पूर्ण करतो, नाहीतर दोन्ही रद्द करतो.

दुसरी कसोटी कामाच्या व्यापाची. एकाच संगणकावर एकच व्यक्ती नोंद करीत असेल, तर २००० साली आलेले एसक्यूलाइट पुरेसे आहे. त्यास वेगळा सर्व्हर लागत नाही. अनेक जण एकाच वेळी नोंदी करीत असतील, तर पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मारियाडीबी योग्य ठरते. या दोहोंना परवाना शुल्क नाही. ओरॅकलसारख्या प्रणालीच्या सशुल्क आवृत्त्यांचा खर्च लहान गिरणीने विचारपूर्वकच पत्करावा.

तथापि, शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असे नव्हे. यंत्रणा बिघडल्यास ती दुरुस्त करणारा जाणकार भंडारा वा नागपूर येथे मिळेल काय, याची चौकशी आधी करावी. शेतकऱ्यांची नावे देवनागरीत नीट साठविली व शोधली जातात काय, हेही पडताळून पाहावे.

शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. हिशेबाची प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि महिन्यातून एकदा ती वेगळ्या संगणकावर उघडून पोत्यांचा मेळ घालावा. न तपासलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही. ग्रामपंचायत, शाळा व सहकारी संस्था यांनाही हेच निकष मार्गदर्शक ठरतील.