भरती उद्योगाच्या शिष्यवृत्त्या : नाते, सेवा आणि खरा दाखला

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आम्हाला अमेरिकेहून एक ई-मेल आला. पाठविणाऱ्या भगिनी मूळच्या आमच्याच धर्मग्रामातील. त्यांचे यजमान तेथे, माणसे नोकरीस लावून देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयात काम करीत होते. थोरली मुलगी कॉलेजात जाणार होती. त्या व्यवसायातील कुटुंबांच्या मुलांसाठी ठेवलेल्या एका शिष्यवृत्तीसाठी तिला अर्ज करावयाचा होता आणि अर्जासोबत समाजसेवेचा दाखला जोडावयाचा होता. भारतात असताना, आणि पुढे दोन सुट्ट्यांतही, या मुलीने आमच्या धर्मग्रामातील लहान मुलांचा अभ्यास घेतला होता. दाखला देण्यास आम्हाला आनंदच होता. मात्र पत्राच्या शेवटी एक ओळ होती : "फादर, तासांचा आकडा जरा मोठा घालाल का? दोनशे लिहिले तरी चालेल."

आम्ही अभ्यासवर्गाची हजेरीवही काढली. नोंद चौसष्ट तासांची होती.

त्या एका ओळीने आम्हाला या विषयाचा अभ्यास करावयास लावले. आपल्या धर्मप्रांतातील अनेक कुटुंबांची मुले आज परदेशात शिकतात आणि त्यांच्या शिफारसपत्रांसाठी धर्मगुरूंकडे, धर्मभगिनींकडे व शाळांच्या मुख्याध्यापकांकडे विचारणा होते. म्हणून या शिष्यवृत्त्या काय आहेत, त्यांमागे कोणता विचार आहे आणि आपला दाखला तेथे कोणते काम करतो, हे वाचकांपुढे मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

व्यवसायाशी नाते असलेली शिष्यवृत्ती

आई-वडिलांच्या कामाशी जोडलेली शिष्यवृत्ती आपल्याला नवी नाही. १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कारखान्यांतील व आस्थापनांतील कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती देत आले आहे. त्या निधीत कामगार, मालक आणि शासन अशा तिघांचा वाटा असतो. वडील कामगार आहेत, म्हणून मुलाला अर्ज करता येतो.

अमेरिकेत हीच कल्पना कंपन्यांनी व व्यावसायिक संघटनांनी उचलून धरली. नोकरभरतीच्या व्यवसायातही अशा शिष्यवृत्त्या ठेवल्या जातात. त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असे : उमेदवाराचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पालक त्या व्यवसायात असावेत, गुण समाधानकारक असावेत आणि उमेदवाराने आपल्या गावासाठी, शाळेसाठी किंवा चर्चसाठी काही सेवा केलेली असावी. नियम मात्र योजनेगणिक बदलतात.

या व्यवसायाची आधुनिक अमेरिकी बांधणी दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९४६ मध्ये डेट्रॉइट येथे विल्यम रसेल केली यांनी आपली कंपनी सुरू केली. १९४८ मध्ये मिलवॉकी येथे एल्मर विंटर व ॲरन शाइनफेल्ड या दोन वकिलांनी 'मॅनपॉवर' ही कंपनी काढली. १९६६ मध्ये या धंद्यातील कंपन्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तीच आज अमेरिकन स्टाफिंग असोसिएशन म्हणून ओळखली जाते. धंद्याची रीत दुहेरी आहे. कायमस्वरूपी माणूस मिळवून दिला, तर मालक कंपनी भरती कंपनीला मोबदला देते. तात्पुरता माणूस पुरविला, तर तो भरती कंपनीच्या पगारपत्रकावर राहतो व काम दुसऱ्याच्या कार्यालयात करतो. त्या कामाचे बिल आणि त्याला दिलेला पगार यांतील फरकातून भरती कंपनीचे कर, विमा, कार्यालयाचा खर्च आणि नफा निघतो.

म्हणजे या व्यवसायाचा माल म्हणजे माणसाचे श्रम. तेव्हा त्यातून आलेल्या शिष्यवृत्तीचा पैसा कोणाकडून आला, हा प्रश्न गैरलागू नाही.

पैसा कोणी भरावा?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९७ मध्ये संमत केलेला १८१ क्रमांकाचा करार याविषयी स्पष्ट आहे. खाजगी भरती संस्थांनी कामगारांकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने शुल्क घेऊ नये, हा त्यातील मुख्य नियम. अपवाद ठेवता येतात, पण ते कारणे देऊन. खलाशांच्या बाबतीत २००६ चा सागरी कामगार करार तर आणखी काटेकोर आहे. वैद्यकीय दाखला, खलाशी नोंदपुस्तिका आणि पासपोर्ट वा तत्सम प्रवासी कागदपत्रे यांचा खर्च सोडल्यास, नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून काही घेता येत नाही. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. वसई व गोव्यातील ज्या घरांतील माणसे जहाजावर आहेत, त्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

आखातात जाणाऱ्या कामगारांसाठी आपल्याकडे १९८३ चा स्थलांतर कायदा लागू झाला. त्याखालील नियमांनी नोंदणीकृत भरती एजंटाच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी अशी मर्यादा घातली. प्रत्यक्षात याहून कितीतरी अधिक रक्कम मोजून, दागिने गहाण टाकून विमानात बसलेली माणसे आपल्या ओळखीत आहेत. त्याच आखाती देशांतील भारतीय कामगारांच्या मुलांचा विचार केंद्र शासनाने अनिवासी भारतीयांच्या मुलांसाठी २००६-०७ पासून सुरू केलेल्या शिष्यवृत्ती योजनेत केला. या योजनेतील शिष्यवृत्त्यांची संख्या पुढे १५० झाली. त्यांपैकी ५०, म्हणजे एक-तृतीयांश जागा, ज्या देशांत जाण्यासाठी दहावी न झालेल्या कामगाराला स्थलांतर परवानगी लागते, त्या देशांतील कामगारांच्या मुलांसाठी राखण्यात आल्या.

हा तपशील आम्ही मुद्दाम दिला. भरतीच्या व्यवहारात माणसे पाठविणाऱ्याचे जसे एक कुटुंब असते, तसे पाठविल्या जाणाऱ्याचेही असते. उद्योगाने 'आपल्या कुटुंबातील मुलांसाठी' शिष्यवृत्ती ठेवली, तर त्या शब्दांत कोण कोण येते? कार्यालयात बसून मुलाखती घेणाऱ्या अधिकाऱ्याची मुलगी येते, यात शंका नाही. त्या कंपनीमार्फत रोज पहाटे गोदामात जाऊन खोकी उचलणाऱ्या हंगामी कामगाराची मुलगी येते काय? काही योजनांची दारे तिलाही उघडी असतात, काहींची नसतात. शिष्यवृत्तीचे मोल ठरविताना रकमेआधी ही अट वाचावी, असे आमचे मत आहे.

नाते किती चालावे? कायद्याची कसोटी

नात्यावर आधारलेल्या शिष्यवृत्तीत वशिल्याचा धोका असतो. धर्मादाय निधीच्या नावाने कंपनी आपल्याच अधिकाऱ्यांच्या मुलांची फी भरू लागली, तर ती सेवा नव्हे, पगाराचाच एक भाग ठरेल. अमेरिकेने १९६९ च्या करसुधारणा कायद्यात या गोष्टीला पायबंद घातला. खाजगी प्रतिष्ठानाने शिष्यवृत्ती देण्यापूर्वी निवडीची पद्धत प्राप्तिकर खात्याकडून मंजूर करून घ्यावी आणि निवड वस्तुनिष्ठ व भेदभावरहित असावी, असा दंडक घालण्यात आला. एखाद्या मालकाशी संलग्न असलेल्या योजनांसाठी १९७६ मध्ये खात्याने तपशीलवार नियम केले. त्यांतील प्रमुख असे :

पहिला, नवे कर्मचारी आकर्षित करण्यासाठी किंवा आहेत त्यांना बांधून ठेवण्यासाठी शिष्यवृत्तीचा वापर होऊ नये. भरतीच्याच धंद्यातील कंपनीने हा नियम विशेष जपावयास हवा!

दुसरा, निवड समितीतील सर्व सभासद प्रतिष्ठानाशी व मालकाशी संबंध नसलेले, पूर्णपणे स्वतंत्र असावेत. तेथील माजी कर्मचारीही स्वतंत्र मानला जात नाही.

तिसरा, एकदा मिळालेली शिष्यवृत्ती वडिलांनी नोकरी सोडली म्हणून मध्येच बंद करता येत नाही.

चौथा, मालकाला उपयोगी पडेल तेच शिका, अशी सक्ती विद्यार्थ्यावर करता येत नाही. भरती अधिकाऱ्याच्या मुलीला परिचारिका व्हावयाचे असेल, तर तिने अवश्य व्हावे.

शेवटी येते संख्येची मर्यादा. ज्या पात्र कर्मचारी-पाल्यांनी अर्ज केले व ज्यांचा समितीने विचार केला, त्यांच्या २५ टक्क्यांहून अधिक मुलांना शिष्यवृत्ती देऊ नये. उदाहरणार्थ, ४० अर्ज विचारात घेतले, तर निवडी १० हून अधिक नसाव्यात. किंवा, अर्ज केलेला असो वा नसो, पात्र असलेल्या एकूण मुलांच्या १० टक्क्यांपर्यंत संख्या राहिली तरी चालते.

हे नियम एखाद्या मालकाशी संलग्न खाजगी प्रतिष्ठानांसाठी आहेत. संपूर्ण व्यवसायाच्या संघटनेने उभारलेल्या सार्वजनिक निधीला ते जसेच्या तसे लागू होतातच असे नाही. तरीही कोणत्याही शिष्यवृत्तीचा प्रामाणिकपणा मोजण्यास हे माप उत्तम आहे. नात्याने अर्ज करण्यापुरते दार उघडावे. आत कोणाला बोलवावयाचे, हे नाते नसलेल्यांनी ठरवावे. आपल्या धर्मग्रामांतील शैक्षणिक मदतनिधींनीही या मापाने स्वतःला एकदा मोजून पाहावे.

समाजसेवेची अट

नात्याची अट सर्व उमेदवारांना समान असते. गुणही पुष्कळांचे चांगले असतात. मग शेवटची निवड अनेकदा सेवेवर येऊन ठरते. येथेच आपल्या शिफारसपत्राला वजन येते आणि येथेच मोह उभा राहतो.

सेवेचे तास मोजता येतात, म्हणून ते फुगविताही येतात. वृद्धाश्रमात एक दुपार घालवून छायाचित्र काढले, की 'वृद्धांची सेवा' झाली; रक्तदान शिबिरात टेबलाशी बसले, की 'आयोजन' झाले. असे दाखले देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. आपल्या गावचे लेकरू पुढे जावे, एवढीच त्यांची इच्छा असते. परंतु खोट्या आकड्याने मिळालेली शिष्यवृत्ती कोणाकडून तरी काढून घेतलेली असते. जागा मोजक्या असतात. आमच्या दोनशे तासांमुळे मागे पडणारी मुलगी कदाचित खरोखरच दीडशे तास राबलेली असेल. तिचे वडील त्याच व्यवसायातील हंगामी कामगार असतील. तिचे नाव आम्हाला ठाऊक नाही, म्हणून तिचे नुकसान नुकसान नसते काय?

शिवाय निवड करणारे अनुभवी असतात. नुसत्या मोठ्या आकड्यापेक्षा नेमका तपशील त्यांना अधिक सांगून जातो. विद्यार्थ्याने काय केले, कोणासाठी केले, किती काळ टिकून केले आणि त्यामुळे कोणाचे काय भले झाले, हे चार ओळींत लिहिलेले पत्र पानभर विशेषणांपेक्षा अधिक बोलते.

अर्ज करणाऱ्या कुटुंबांसाठी

आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुले वा नातवंडे अमेरिकेत शिकत आहेत, त्यांनी काही गोष्टींची चौकशी आधीच करावी. अनेक शिष्यवृत्त्या केवळ नागरिकांसाठी किंवा ग्रीन कार्डधारकांसाठी असतात. एच-४ व्हिसावरील मुलांना अर्ज करता येतो का, हे नियमांत पाहावे. तेथील केंद्र सरकारचे शैक्षणिक अर्थसाहाय्य एच-४ धारकांना मिळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी खाजगी शिष्यवृत्तीचे महत्त्व अधिक.

पदवीसाठी शिकणाऱ्याने शिष्यवृत्तीची रक्कम फी व आवश्यक पुस्तके यांवर खर्च केली, तर तीवर सर्वसाधारणपणे कर लागत नाही. राहण्या-जेवण्यावर वापरलेल्या भागावर लागतो. बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली, की काही कॉलेजे आपल्याकडील मदत तेवढ्याने कमी करतात. मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये आपल्या सार्वजनिक विद्यापीठांना असे करण्यास बंधन घातले. अन्यत्र काय रीत आहे, हे कॉलेजच्या अर्थसाहाय्य कार्यालयास आधीच विचारावे. आणि अर्जासाठी किंवा 'हमखास निवडीसाठी' कोणी पैसे मागितले, तर तेथून दूर व्हावे.

सेवेची नोंद सुरुवातीपासून ठेवावी. एक साधी वही पुरे : तारीख, ठिकाण, काम आणि जबाबदार व्यक्तीची सही. चार वर्षांनी आठवून लिहिलेले आकडे आपोआप वाढतात, हा मनुष्यस्वभाव आहे.

आम्ही लिहिलेले पत्र

त्या मुलीसाठी आम्ही पत्र लिहिले. त्यात चौसष्ट तास असेच लिहिले. तिच्या वर्गात सात मुले होती. त्यांतील दोघांना तिसरीत असूनही वाचता येत नव्हते. पुढच्या सुट्टीत ती पुन्हा आली, तेव्हा तिने प्रथम त्या दोघांची चौकशी केली, आणि त्यांतील एकाने तिला धडा मोठ्याने वाचून दाखविला, हे आम्ही त्या खोलीच्या दारात उभे राहून पाहिले होते. तेही लिहिले.

तिच्या आईला आम्ही वेगळे उत्तर पाठविले. "ताई, आकडा वाढविला असता, तर ही मुले पत्रातून निघून गेली असती," एवढेच त्यात होते. काही दिवस त्यांच्याकडून उत्तर आले नाही. नंतर मुलीनेच लिहिले. निवडीविषयी त्यात एक शब्द नव्हता आणि आम्हीही विचारले नाही. तिने लिहिले होते, "फादर, चौसष्टच होते. मी पण मोजले होते."